शंभरातले दहा

घाटंजी तालुका, जि. यवतमाळ
शनिवार, ४ जून २०२२, रात्र

प्रिय मित्रा,

काल रात्री फोनवर फ्रेंच ओपन टेनिसच्या फायनलचा विषय निघाला, तेव्हा तू म्हणालास, "रविवारी पाहाचं काय हाय त्यात? नदाल तीन सेटमधी उरकून टाकते." मी उत्तर देणार तेवढ्यात लाईन गेली, पाठोपाठ टॉवरही गेला. तुझं ते वाक्य तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून आज कागद घेऊन बसलो. फोनवर एवढं बोलणं झालंही नसतं, आणि यातली एक गोष्ट मला फोनवर बोलवणारही नाही.

नवतपा संपला, पण ऊन काही हटलेलं नाही. कूलरसमोर बसलं तरी गरमच हवा येते, म्हणून अंगणात बाज टाकली आहे. वखरणी झाली, सरकीच्या थैल्या घरात येऊन पडल्या, मृग चार दिवसांवर आला. आता आभाळाकडे पाहण्याशिवाय काम नाही. संध्याकाळी महिलांची फायनल पाहिली. इगा श्वियाँटेकने कोको गॉफला ६-१, ६-३ असं घरी पाठवलं. इगाचा हा सलग ३५वा विजय. गॉफ १८ वर्षांची पोरगी, खुर्चीत बसून रडत होती. तुला वाटत असेल, उद्याचंही हेच होणार. होईलही. पण माझं म्हणणं ऐकून घे.

नदालचे आकडे तुला तोंडपाठ आहेत, तरी मांडतो. पॅरिसच्या लाल मातीवर १११ सामने जिंकला, ३ हरला. १३ वेळा फायनलमध्ये गेला, १३ही वेळा कप घेऊन आला. २००५ मध्ये पहिल्यांदा जिंकला तेव्हा उद्या त्याच्यासमोर असलेला हा नॉर्वेचा कॅस्पर रूड सहा वर्षांचा होता. त्या सगळ्या फायनल त्याने टीव्हीवर पाहिल्या आणि २०१८ पासून तो स्पेनमधल्या मायोर्का बेटावर नदालच्याच अकादमीत घडला. दोघांचा अधिकृत सामना आजवर एकही नाही. सरावाचे सेट पुष्कळ झाले, त्यात बहुतेक नदालच भारी पडला, हे रूड स्वतः सांगतो. नॉर्वेचा एकही पुरुष याआधी ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांतल्या एकीच्याही, फायनलपर्यंत पोचला नव्हता. हा स्वतःही कुठल्याच ग्रँड स्लॅममध्ये चौथ्या फेरीपुढे गेला नव्हता.

एवढं मान्य करूनही मी म्हणतो, रूडला शंभरात दहा संधी आहे. हा आकडा मी वहीत मांडून काढला. धर, नदालकडून एक सेट घेण्याची त्याची शक्यता चारात एक. सामना तीन सेटचा असता तर शंभरात सोळा वेळा तो जिंकला असता. पाच सेटचा आहे म्हणून तेच दहावर येतं. सामना जेवढा लांबतो तेवढा दुबळ्याचा वाटा झिजतो, कारण नशिबाचे चार पॉइंट लांब सामन्यात पुरत नाहीत. म्हणून हे दहा त्याला नशिबावर मिळायचे नाहीत, खेळून काढावे लागतील.

ते कुठून काढायचे ते तुला-मला वेगळं सांगायला नको. क्लबचा कोर्ट आठव. वसतिगृहाच्या मागची तार वाकवून आपण आत जायचो. लाल मुरूम, चार वाजता कोर्ट सांभाळणारे आणि आपल्याला शिकवणारे मार्करकाका झारीने पाणी शिंपडायचे, मग ओल्या पोत्याला दोरी बांधून आपण दोघं ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्यायचो. शेवटी चुन्याच्या रेघा. साहेब लोक यायच्या आधी पंधरा मिनिटं तो कोर्ट आपला असायचा. ओल्या मातीवर बॉल दबून, थकल्यासारखा यायचा. मे महिन्यात दुपारी, कोर्ट कोरडा ठणठणीत असताना, तोच बॉल कानाच्या उंचीवर उसळायचा आणि तुझ्या बॅकहँडची वाट लागायची. पॅरिसला वर विटांच्या चुऱ्याचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, खाली चुनखडी. पण माती तीच आणि तिचा स्वभावही तोच.

नदालचं सगळं राज्य त्या उसळीवर उभं आहे. डावरा माणूस, फोरहँडला जबर फिरकी, बॉल तिरका येऊन उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडला खांद्याच्या वर चढतो. तिथून मारायचं तरी काय? परतवायचा फक्त, आणि परतवलेला बॉल आखूड पडला की संपलं. रूडचा बॅकहँड त्याच्या खेळाचा कच्चा धुरा (शेताचा बांध) आहे, ढोरं तिथूनच शिरणार. पण एक गोष्ट त्याच्या बाजूची आहे. बाकीच्यांना तो बॉल पॅरिसला आल्यावर दिसतो, याने चार वर्षं तो मायोर्काला पाहिला आहे. त्याचा स्वतःचा फोरहँडही फिरकीचाच आणि वजनदार आहे. गेल्या वर्षी बास्टाड, गस्टाड, किट्झब्यूल अशा लागोपाठ तीन आठवड्यांत तीन स्पर्धा त्याने मातीवरच मारल्या. पॅरिसला येण्याआधी जिनिव्हाही जिंकून आला. सर्व्हिस कडेला टाकून समोरच्याला कोर्टबाहेर ओढायचं, बॅकहँडला आलेला बॉलही पळत जाऊन फोरहँडवर घ्यायचा आणि तिसऱ्या-चौथ्या फटक्यात निकाल लावायचा. आठ-दहा फटक्यांच्या वर गेलं की नदालचं.

आणि नदाल कालच ३६ वर्षांचा झाला ना. डाव्या पायाचं जुनं दुखणं आहे. मंगळवारी रात्री जोकोविचशी चार तासांहून जास्त खेळला. काल झ्वेरेवविरुद्ध तीन तासांत दोन सेटही पुरे झाले नव्हते. झ्वेरेवचा घोटा मुरगळला, तो कुबड्या घेऊन परत आला, ते पाहून माझ्या पोटात कालवलं. अशा रीतीने फायनल गाठायला नदाललाही आवडलं नसेल.

तू म्हणशील, पॅरिसला त्याला हरवलं कोणी? जोकोविचने दोनदा, तो तर स्वतःच राजा. पण पहिला कोण होता? २००९ मध्ये चौथ्या फेरीत रॉबिन सोडरलिंग. तेव्हा नदाल तिथे ३१ सामने अजिंक्य होता आणि काही आठवड्यांपूर्वीच रोममध्ये त्याने याच सोडरलिंगला ६-१, ६-० असं लोळवलं होतं. त्या मार खाल्लेल्या माणसाने पॅरिसला येऊन काय केलं? उंच होता, खांद्यावरचा बॉल मागे सरून परतवण्याऐवजी तिथल्या तिथे सपाट हाणला. चार सेटमध्ये काम तमाम. त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या फायनलमध्ये वीस वर्षांच्या डेल पोत्रोने फेडररला पाच सेटमध्ये पाडलं. फेडरर तिथला सलग पाच वर्षांचा विजेता. डेल पोत्रो त्याच्याशी आधी सहा वेळा खेळून सहाही वेळा हरला होता, त्याच जानेवारीत तर ६-३, ६-०, ६-०.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो आर्थर ॲश, आणि तो आपल्या जन्माच्याही आधीचा. १९७५ ची विम्बल्डन फायनल. समोर जिमी कॉनर्स, २२ वर्षांचा, एकही सेट न गमावता आलेला. ॲश ३२ला टेकलेला, कॉनर्सला कधीही न हरवलेला. ॲश जन्मभर जोरात मारणारा खेळाडू. त्या दिवशी त्याने जोर घरी ठेवला. कॉनर्सला वेगवान बॉल आवडतो म्हणून त्याला मऊ, खाली राहणारे, वेग नसलेले बॉल दिले, मधूनच डोक्यावरून लॉब. पहिले दोन सेट ६-१, ६-१. तिसरा गेला, चौथा ६-४. आणि बाजू बदलताना ॲश खुर्चीत डोळे मिटून शांत बसायचा.

ते डोळे मिटणं वाचलं तेव्हापासून मला १९९६ आठवत राहतं. आता ती गोष्ट लिहितो.

ऑगस्टमध्ये लिएंडर पेसने अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणलं होतं, जगात १२६व्या नंबरवरचा माणूस. मार्करकाकांनी रेडिओवर बातमी ऐकून पेढे वाटले होते. त्याच हिवाळ्यात तू शालेय स्पर्धेच्या फायनलला पोचलास. समोर नागपूरचा पोरगा, दोन वर्षं कोणी हरवलं नव्हतं. त्याच्याकडे दोन रॅकेट, पांढरे बूट. तुझ्याकडे काकांची मागून आणलेली रॅकेट आणि माझे कॅनव्हास, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. पहिला सेट ६-१ गेला. दुसऱ्यात तू काय खेळलास, मित्रा! तो पोरगा पायाखाली पाहायला लागला होता. ४-४ नंतर त्याने सर्व्हिस राखली, ५-४ झाले, तू बाजू बदलायला आलास. काका लांब होते, त्यांना आत येऊ देत नव्हते. पाणी द्यायला मी होतो. तुझ्या हाताची कातडी निघाली होती, ग्रिपवर रक्त दिसत होतं. मी म्हणालो, "झालं तेवढं लई हाय. आता इज्जतीनं हारू."

तू काही बोलला नाहीस. नुसतं पाहिलंस माझ्याकडे. मग जाऊन चारही पॉइंट दिलेस.

मी ते प्रेमाने बोललो होतो, तुझा हात पाहून बोललो होतो. पण तोवर तुझ्या डोक्यात हरणं नव्हतं, ते मी नेऊन ठेवलं. काका नेहमी काय सांगायचे? "पोट्टेहो, बॉल पाहा, मानूस नोका पाहू." त्या वेळी तू बॉल पाहत होतास आणि मी माणूस दाखवला. २६ वर्षं झाली, तू कधी विषय काढला नाहीस. मीही नाही. म्हणून तू काल "उरकून टाकते" म्हणालास तेव्हा मला वाईट वाटलं. ते वाक्य तुझ्या तोंडी माझ्यामुळे आलं असं वाटलं.

उद्या रूडच्या कानात कोणी असं बोलू नये, एवढंच मागणं आहे. पोरगा गुणी आहे, नम्र आहे, नदालला देव मानतो. त्याची मला भीती वाटते ती तिथेच. आपण काकांशी खेळायचो तेव्हा आपला प्रत्येक फटका त्यांनीच शिकवलेला असायचा, बॉल कुठे जाणार हे आपल्याआधी त्यांना कळायचं. आणि खरं सांग, त्यांना हरवावं असं आपल्याला कधी मनातून वाटलं होतं?

बाकी उद्या सामना पाहून लिहितो.

सोमवार, ६ जून

तुझं खरं झालं. ६-३, ६-३, ६-०.

साडेसहाला सुरू झाला, लाईनही टिकली. बाबा बाजेवरून दर दहा मिनिटांनी विचारत होते, "कोन जितून रायला?" पहिल्या सेटमध्ये रूड बिचकलेला दिसला. पण दुसऱ्यात त्याने नदालची सर्व्हिस तोडली आणि ३-१ने पुढे गेला. मी उठून उभा राहिलो. बाबांना म्हटलं, "गोरा पोट्टा, बाबा! नवा!" नदाल जरा ढिला वाटत होता, रूडचा फोरहँड खोल पडत होता.

तिथून पुढे नदालने सलग ११ गेम घेतले. बॉल पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यात, बॅकहँडला, खांद्याच्या वर. तुला आठवतं, विहिरीवरची दोरी दगडाला घासून खाच पाडते, तसं. रूड मागे मागे सरत गेला, बॉल आखूड पडायला लागले. शेवटचा पॉइंटही नदालने बॅकहँडने रेघेलगत मारला. १४वा कप. ३६ वर्षांचा नदाल तिथल्या तोवरच्या विजेत्यांत सगळ्यात वयस्क पुरुष ठरला. नंतर त्याने सांगितलं की पायाची नस इंजेक्शनने सुन्न करून तो ही स्पर्धा खेळला. माणसाला स्वतःचा पाय जाणवत नव्हता, मित्रा. त्याच्यापुढे माझी बेरीज-वजाबाकी काय टिकणार?

रूड माईकवर म्हणाला की या माणसाच्या हातून फायनल हरणारा मी काही पहिला नाही. हसून, मोकळ्या मनाने म्हणाला. तरी मी अजून शंभरातले दहाच धरून आहे. कालचा दिवस उरलेल्या नव्वदांतला होता. ३-१ला तो दहाच्या दारात उभा होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

आता तुझ्याशी एक बोलणं राहिलं. १९९६ चं माझं ते वाक्य मी परत घेतो. पाणी द्यायला आलो होतो, पाणी द्यायचं आणि गप्प बसायचं होतं. तुला राग असेल तर तसं लिही, नसेल तरी लिही.

काकांची रॅकेट माझ्याकडेच आहे. माळ्यावर होती, काल रात्री उतरवली. ग्रिपवरचा डाग अजून तसाच आहे. पेरणी आटोपली की नागपूरला जाऊन गटिंग करून (नव्या तारा विणून) आणतो. क्लबच्या कोर्टवर आता गवत माजलंय, पण आमच्या शाळेच्या मैदानाला मुरूम पडला आहे. दोरी आणि चुना माझा. पोळ्याला येशील तेव्हा बूट मात्र तुझे तूच आण, माझे तुला मोठेच होतात.

परवा मृग लागतो. आज पश्चिमेला थोडं काळं दिसलं, मग वाऱ्याने नेलं.

तुझा डबल्सचा जोडीदार