८५ घेण्याआधी

अंबाजोगाई

चि. माय,
अनेक आशीर्वाद.

लग्नाच्या फोटोंसाठी ८५ एमएम, एफ १.४ ची, म्हणजे लांबचं जवळ ओढणारी आणि कमी उजेडात चालणारी लेन्स हप्त्यावर घेऊ का, असं विचारलंस. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तू "हो पप्पा, हो पप्पा" करतेस आणि मग मनाला येईल तेच करतेस. म्हणून लिहून पाठवतोय.

कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सनं रात्रीचं लग्न निभत नाही, हे तुझं खरं आहे. तुझी २८-७० पुढं ओढली की एफ ५.६ वर येते, आणि एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त. ५.६ चं २.८ झालं की चौपट उजेड, २.८ चं १.४ झालं की आणखी चौपट. किटला जिथं आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्यानं उजेड वाढवून घ्यायचा आकडा, १२८०० लागतो तिथं २.८ ला ३२०० आणि १.४ ला ८०० पुरतो. हे तू यूट्यूबवर पाहिलंच असशील. पण ते व्हिडिओ करणाऱ्यांच्या स्टेजवर गर्दी नसते.

आपल्याकडचं लग्न आठव. पत्रिकेवर गोरज मुहूर्त छापलेला असतो. मारुतीच्या देवळातून परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघतो उशिरा, वाटेत डीजेपुढून पोरं हलत नाहीत, आणि नवरदेव मांडवात येईतो दिवस केव्हाच मावळलेला असतो. दुपारी येऊन तू उजेड बघून ठेवलेला, तो काही कामाचा राहत नाही. मंगलाष्टका संपल्या, अंतरपाट निघाला, की मामा, करवल्या, नवरदेवाचे दोस्त आणि निम्मं वऱ्हाड एकदम पुढं सरकतं. वर अक्षतांचा मारा. सगळ्यांचे हात वर, हातात मोबाइल. आणि हार घालायला लागतात मोजके सेकंद. ते हुकले तर घरचे आयुष्यभर विचारतात.

आता ८५ चा हिशोब कर. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, दोघांना पायापासून फेट्यापर्यंत घ्यायचं, थोडी जागा वरखाली सोडायची, तर कॅमेरा उभा धरूनसुद्धा पाच मीटर मागं जावं लागतं. आडवा धरला तर साडेसात-आठ मीटर. स्टेजवर तेवढी जागा कुठली? खाली उतरलीस तर लोकांच्या पाठी दिसतील. रुंद बघणाऱ्या ३५ एमएमला तोच फोटो उभ्या कॅमेऱ्यानं दोन-सव्वादोन मीटरवरून येतो, म्हणजे भटजींच्या खांद्याजवळ उभं राहून. तुझ्या आणि त्या दोघांच्या मध्ये कुणी घुसूच शकत नाही. ८५ वाईट लेन्स नाही. रिसेप्शनला, मागं लाइटच्या माळा आणि नवरी एकटी उभी, तर तिच्यासारखी दुसरी नाही. पण जो फोटो हुकता कामा नये, तो तिला जमणार नाही.

दुसरी गोष्ट, १.४ चा उजेड फुकट मिळत नाही. दोन मीटरवरून ८५ ला १.४ वर पुढंमागं जेमतेम साडेचार सेंटिमीटर साफ येतं. म्हणजे नथीवर फोकस बसला तर कानातले झुबे पुसट. हार घालताना दोघं कधी एका रेषेत नसतात, एकजण वाकतो, दुसऱ्याला मित्र मुद्दाम वर उचलतात. एक चेहरा नक्की जाणार. ३५ ला १.८ वर त्याच अंतरावर फूटभराहून थोडं जास्त साफ मिळतं. तरीही दोन चेहरे असले की मी २.८ करतो आणि आयएसओ वाढवतो. त्यानं फोटोत बारीक दाणे दिसले तर दिसू देत. दाण्यांची तक्रार घेऊन माझ्या दुकानात आजवर कुणी आलं नाही, "आईचा चेहरा अस्पष्ट आलाय" म्हणून येतात.

रोलच्या काळात तर आयएसओ १०० आणि ३६ फोटो. फ्लॅश मारल्याशिवाय इलाज नव्हता, त्यामुळं सगळ्या नवऱ्या पांढऱ्याफटक आणि मागं काळाकुट्ट मांडव. त्या मानानं तुमचं बरंय.

लेन्स कितीही चांगली असली तरी शटरकडं लक्ष ठेव. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळं साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० ला, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागापुरतं उघडं, सहसा चालतं. १/५०० केलंस की फोटोवर आडवे पट्टे. बिनआवाजाचं सायलेंट शटर लग्नात बंदच ठेव, त्यानं पट्टे आणखी वाढतात. हल्ली कार्यालयात नवरानवरीच्या मागं एलईडी वॉल लावतात, तिचं तंत्र वेगळंच. लोक जेवायला बसले असताना स्टेजवर जाऊन चार-पाच शटर स्पीडवर फोटो काढून बघ आणि जो साफ येईल तो लक्षात ठेव. त्या वॉलमुळं कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटरही फसतो, चेहरे काळे पडतात. एक्स्पोजर थोडं वर घे. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुझा हात स्थिर करतं, नाचणाऱ्या मामाला नाही. परण्यात १/२०० च्या खाली जाऊ नको.

फ्लॅश वर करून मारायचा तर आधी वर काय आहे ते बघ. पांढरं छत असेल तर ठीक. मांडवाचं कापड लाल-पिवळं असलं तर नवरी पण लाल-पिवळी. आणि मोकळ्या मैदानात तो उजेड सरळ आभाळात जातो, परत येत नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढ, हळदीचा रंग नंतर नीट करता येतो. स्टेजच्या निळ्या-जांभळ्या पार लाइटखाली मात्र हळद कशीही केली तरी हळद दिसत नाही. तिथं डेकोरेशनवाल्याला गोड बोलून तेवढ्यापुरते दिवे बदलून घे.

व्हिडिओवाल्याशी भांडू नको. पूर्वी त्याच्या मागं हजार वॅटचा हॅलोजन धरून एक पोरगं असायचं, घामाघूम. आता छोटं एलईडी पॅनल असतं. तो उजेड आपलाही आहे. त्याच्या पॅनलच्या बाजूला जरा तिरकी उभी राहिलीस की चेहऱ्याला एका बाजूनं सावली मिळते. त्याच्या फ्रेममध्ये जाऊ नको, तोही तुझ्या येणार नाही. जेवायलाही दोघं बरोबर बसा.

आणि एक जागा अशी, जिथं मला कधी जाता आलं नाही आणि तुला दार उघडं आहे: नवरीची खोली. कार्यालयात ती खोली म्हणजे दहा बाय दहा, एक ट्यूब, भिंतीला बॅगांचा ढीग, सहा बायका आणि रडणारं एक लेकरू. तिथं ८५ घेऊन पाठ भिंतीला टेकली तरी नवरी कमरेपर्यंतच येईल. ३५ लाव, ट्यूब बंद कर, आणि खिडकी असली तर नवरीला खिडकीकडं तोंड करून बसव. मुंडावळ्या बांधतानाचे हात, आत्यानं तोंडात धरलेल्या पिना, हे सगळं तुझ्या हाताच्या अंतरावर आहे. आमच्या जुन्या अल्बममध्ये हे पान कोरंच आहे.

हात बसवायचा तर अजिंठ्याला जा. छत्रपती संभाजीनगरहून शंभर किलोमीटर, सोमवारी बंद. लेण्यांत फ्लॅश चालत नाही, उजेड मांडवापेक्षाही कमी. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर गर्दीतून, श्वास रोखून १/३० ला साफ फोटो काढता आला तर देवघरातल्या समईपुढंही काढशील.

तर माझं मत असं. पहिली ३५ एफ १.८ घे, रोख, हप्ता नको. दुसरी २८-७५ एफ २.८, टॅमरॉनची. २०१८ ची पहिली आवृत्ती जुन्यात मिळते, ५५० ग्रॅमची आहे, दिवसभर खांदा दुखत नाही. त्यानंतर ८५ घ्यायचीच तर १.८ घे. १.४ आणि १.८ मध्ये उजेडाचा फरक एका स्टॉपपेक्षा, म्हणजे दुपटीपेक्षा कमी, किमतीतला फरक तूच बघितलायस. आणखी लांबचं ओढणारी ७०-२०० भाड्यानं आण, तीही मोठ्या लॉनवरचं लग्न असेल तरच.

जुनी घेताना मोबाइलची टॉर्च मागून मारून समोरून बघ. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, कितीही स्वस्त असो, ठेवून दे. अपर्चरच्या, म्हणजे आतल्या उजेडाचं भोक लहानमोठं करणाऱ्या पात्यांवर तेलाचा डाग नको. झूम फिरवताना कचकच आवाज आला तर आपल्याकडची धूळ आत गेलीय. स्वतःच्या कॅमेऱ्याच्या बॉडीवर लावून, दुकानातला दिवा बंद करायला सांगून फोकस बसतो का ते बघ.

तुळशीचं लग्न झालं की आपली पहिली ऑर्डर आहे, संध्याकाळचा मुहूर्त. तू ये. ८५ एफ १.४ भाड्यानं आणतो, भाडं माझं. एका बॉडीवर ती, दुसरीवर ३५. रात्री दोघं बसून कॉम्प्युटरवर बघू कुठल्या लेन्सचे किती फोटो अल्बमला जातात, आणि मग पैसे कशाचे द्यायचे ते ठरवू.

तुझे,
पप्पा