रात्री अडीच वाजता सामानाच्या काउंटरवर भेटलेल्या ताईंना

नमस्कार ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं, आणि नाव विचारावं एवढं भान त्या रात्री आम्हाला उरलं नव्हतं. म्हणून हे पत्र असं उघडपणे लिहिते आहे. कुणी वाचून तुमच्यापर्यंत पोचवलं तर फार बरं होईल.

कदाचित आम्ही आठवू. मी, नवरा, सहा वर्षांची पेंगुळलेली लेक आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. आमचं पहिलं विमान ४५ मिनिटं उशिरा सुटणार असं आधी सांगितलं, मग दीड तास, मग नुसतंच "थोड्या वेळात". ते उडालं सव्वाचार तासांनी. पुढचं विमान अर्थातच चुकलं. दुसऱ्या विमानाची तिकिटं मिळाली, पण बॅगांचं काय, हे मी तीन ठिकाणी विचारलं आणि तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं: "त्या आपोआप येतील." चारपैकी दोनच आल्या. बेल्ट थांबला, दिवे कमी झाले, तरी सासूबाई त्या काळ्या झडपेकडे बघत उभ्याच होत्या.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी आवाज चढवूनच बोलायला सुरुवात केली होती. त्याबद्दल आधी मनापासून माफी मागते. आमची आपापसातली बोलणी ऐकून तुम्ही मराठीत म्हणालात, "आजी, तुम्ही आधी बसा." स्वतःची खुर्ची काउंटरच्या बाहेर आणून दिलीत. आणि पहिला प्रश्न टॅगचा नाही, तर "राहिलेल्या बॅगांत तातडीचं काही आहे का?" हा विचारलात.

होतं. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या. निघताना एक बॅग २३ किलोच्या वर गेली, तेव्हा तिथेच जमिनीवर बसून आम्ही सामान इकडचं तिकडे केलं आणि त्या गडबडीत औषधांची पिशवी हातातल्या सामानातून मोठ्या बॅगेत गेली. औषधं कायम जवळ ठेवायची हे मला ठाऊक होतं, म्हणूनच ते सांगताना रडू आलं. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. विमानतळावरच्या वैद्यकीय कक्षात फोन लावलात, नवऱ्याला फोनमधला चिठ्ठीचा फोटो घेऊन तिकडे पाठवलंत. तो दोन दिवस पुरतील एवढ्या गोळ्या घेऊन आला, तेव्हा कुठे माझे हात थरथरायचे थांबले.

मग टॅगांकडे वळलात. चार चिकटपट्ट्यांपैकी तीनच सापडत होत्या. "चारही बॅगा एकदमच दिल्या होत्या ना? मग नंबर बहुतेक ओळीने असतील," असं म्हणून तुम्ही टॅगवरचे दहा आकडे आम्हाला उलगडून दाखवलेत. पहिला आकडा सोडला तर पुढचे तीन विमान कंपनीचे, शेवटचे सहा त्या बॅगेचे. पुढचा नंबर घालून पाहिलात आणि आमचं आडनाव पडद्यावर आलं. दोन्ही बॅगांची शेवटची नोंद मधल्या विमानतळावरची होती. तिकीट बदललं तरी बॅगेवरचा टॅग चुकलेल्या विमानाचाच राहिला होता. नवी नोंद त्या बॅगेशी जोडली गेली नाही तर ती तिथेच पडून राहते, हे तुम्ही समजावलंत. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी आम्हाला कारण सांगत होतं.

"उद्या येईल असं मी सांगणार नाही. कुठे आहे एवढं सांगू शकते," असंही तुम्ही म्हणालात. दिवसभर "थोड्या वेळात" ऐकलेल्या माणसाला त्या वाक्याने किती धीर येतो, हे तुम्हाला कधी कुणी सांगितलं असेल की नाही कोण जाणे.

कस्टम्सच्या बाहेर पडण्याआधी पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीची नोंद, केल्याशिवाय तुम्ही आम्हाला हलू दिलं नाहीत. नवरा म्हणत होता, घरी जाऊन ऑनलाइन करू. तुम्ही ऐकलं नाहीत आणि बरं झालं. तीन अक्षरं विमानतळाची, दोन कंपनीची आणि पुढे पाच आकडे, असा तो नंबर तुम्ही कागदावर लिहून दिलात, शिवाय मला त्याचा फोटो काढायला लावलात. खाली लिहिलंत: बॅग मोडकी मिळाली तर ७ दिवसांत लेखी कळवा, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत, आणि मधल्या काळात घ्याव्या लागलेल्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या जपा. नंतर मी १९९९ चा माँट्रियल करार उघडून पाहिला. त्या मुदती तुम्ही लिहिल्या तशाच आहेत. २१ दिवसांत न आलेली बॅग हरवल्यासारखीच धरून भरपाई मागता येते, हेही तिथेच कळलं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो तुमचा शेवटचा प्रश्न. बॅगांच्या चित्रांचा तक्ता पुढे ठेवून रंग आणि प्रकार विचारून झाला होता. मग म्हणालात, "बॅग उघडली की आत सगळ्यात वर काय दिसेल?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. उत्तर लेकीने दिलं, "माझा ससा. त्याच्या एका कानाला आजीने लाल दोऱ्याने शिवलंय." रात्रीचे तीन वाजायला आले होते, मागे रांग होती. तुम्ही "कुठला कान, डावा की उजवा?" असं तिला विचारून, ती सांगेल तसं टाइप केलंत.

पहिली बॅग तिसऱ्या दिवशी आली. दुसरी येईना. नवव्या दिवशी फोन आला की टॅग तुटलेली एक बॅग सापडली आहे, आत राखाडी ससा आहे, डाव्या कानाला लाल शिवण आहे. ताई, तुमचा तो प्रश्न नसता तर एका साध्या काळ्या बॅगेला कुणी कसं ओळखलं असतं?

तुमच्या वरिष्ठांच्या नावे तारीख, वेळ आणि तक्रारीचा नंबर घालून कौतुकाचं पत्र पाठवलं आहे. त्यावरून तुम्ही कोण हे त्यांना नक्की कळेल. सासूबाईंनी तुम्हाला मुद्दाम कळवायला सांगितलं आहे की गोळी एकही दिवस चुकली नाही. आणि परवा सशाचा उजवा कानही उसवला. पांढरा दोरा हाताशी होता, पण लेक ऐकेना. तोही लालच दोऱ्याने शिवून घेतला.

तुमची कृतज्ञ,
त्या चौघांतली सून