पावसावर जगणारा चंडोल

परभणी

सुध्या लेका,

कसायस? परवा फोनवर म्हणलास की पाऊस लांबला तरी पुण्यात काय फरक पडत नाही, इकडं ये म्हणजे कळंल, सोयाबीननं माना टाकल्यात आणि मी काय करायलोय तर मोबाइलवर एका पक्ष्याचं वाचत बसलोय. हसू नको. आपल्या माळावरचा चंडोल बघ, सरळ वर चढतो अन् हवेतच गात राहतो, त्याचाच हा भाऊबंद, राझो लार्क. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात केप व्हर्दे देश आहे, त्यातलं राझो हे जेमतेम 7 चौरस किलोमीटरचं बेट, माणसांची वस्ती नाही, आणि हा पक्षी जगात फक्त तिथंच उरला होता.

पाऊस झाला तर अंडी, नाही झाला तर ते वर्ष कोरडंच. वर अंडी घालतो जमिनीवर, तिथल्या मोठ्या पाली ती खाऊन टाकतात. लागोपाठ दुष्काळ पडला की पक्षी शंभराच्या आत येतात, चांगले पावसाळे लागले की हजाराच्या वर जातात.

कोरड्यात खातो काय माहितीये का? लव्हाळ्याच्या गाठी! आपण खुरपून खुरपून वैतागतो त्याच लव्हाळ्याची एक जात, ती वाळूत चोचीनं खड्डा करून काढतो. नराची चोच मादीपेक्षा साधारण पाचव्या हिश्श्यानं लांब, त्यामुळं खोल तोच पोचतो, आणि खड्डा धरून बसतो, मादी आली की हुसकावतो. पक्षी कमी झाले तेव्हा त्यात नरच जास्त निघाले, तर नवल काय. (आपल्याकडं टँकर आला की घागरी घेऊन कोण पळतं ते आठव.)

एक दुष्काळ जास्त लांबला तर सगळंच संपायचं, म्हणून 2018 ला 37 पक्षी पकडून जवळच्या सांता लुझिया बेटावर सोडले. ते बेट राझोच्या पाचपट मोठं. तू म्हणशील कामून उगं हलवायचं, पण त्या बेटावर या पक्ष्यांची जुनी हाडं सापडलीत, म्हणजे ते मूळचे तिथलेही, माणसं आली, सोबत मांजरं आली, अन् हे संपले. आता त्या रानमांजरांचा बंदोबस्त करायला घेतला आणि पक्ष्यांनी तिथं पिल्लंही काढली. मला तर हे पटलं, तुला नसंल पटलं तर भांडायला फोन कर, रात्री आठनंतर, दिवसा मी रानात असतो.

आईनं विचारलंय पोळ्याला येतोस का, सुट्टीचं बघून सांग.

तुझाच,
नाना