बाबा, जुळे सोलापूरचा प्लॉट विकू नका

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. तुमचा फोन येतो तेव्हा माझी सकाळची घाई, आणि मला सवड होते तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र. भाऊबीजेच्या दिवशी तुम्ही विचारलंत, "प्लॉटला गिऱ्हाईक आलंय, हो म्हणून टाकू का?" मी "बघू" म्हणून फोन ठेवला, आणि दोन आठवडे तेच डोक्यात घोळतंय. तर उत्तर आधीच लिहून टाकते: प्लॉट विकू नका. आम्ही इथे घ्यायच्या घरासाठी तर नकोच.

भाड्याचा पैसा म्हणजे फुटक्या चारीतून वाहून गेलेलं पाणी, हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. पण तुम्हाला वाटतंय तसं आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. दोन वर्षांपासून माझ्याकडे एक वही आहे. तुम्ही भीमानगरच्या क्वार्टरमध्ये सकाळी उठल्या उठल्या पर्जन्यमापक बघून आकडा लिहायचात ना, तसलीच. संध्याकाळी फिरायला जाते तेव्हा आजूबाजूच्या आठ-दहा गल्ल्यांत कुठल्या घरासमोर विक्रीची पाटी लागली, कुठली उतरली, ते टिपून ठेवते. तुमचे जावई हसतात. म्हणतात, "पाटबंधारे खात्याची मुलगी केली की हे असं होतं."

पण खरं सांगू? इथल्या घरांचा बाजार मला कळला तो उजनीमुळेच. सगळे जण फक्त भाव विचारतात. देवळात भेटलेला माणूस असो की ओक ट्री रोडवर भाजी घेताना भेटलेली मैत्रीण असो, पहिला प्रश्न, "ते कोपऱ्यावरचं कितीला गेलं?" साठा किती आहे हे कुणी विचारत नाही. आणि धरणाचं काय चाललंय ते नुसत्या पाण्याच्या पट्टीवरून कळतं का? आवक किती, जावक किती, आणि आहे ते पाणी किती दिवस पुरेल, हे बघायला लागतं. इथेही तेच. समजा एखाद्या गावात ६० घरं विक्रीला आहेत आणि महिन्याला ३० विकली जातात, तर दोन महिन्यांचा साठा. पाच-सहा महिन्यांचा साठा असला की घेणारा आणि विकणारा दोघे बरोबरीने बोलतात, असं इथे धरतात. आमच्या भागात तेवढा साठा मी आल्यापासून पाहिलेला नाही.

का नाही, ते सांगते. इथलं गृहकर्ज आपल्यासारखं नसतं. आपल्याकडे रेपो रेट वाढला की दादाचा हप्ताही वाढतो, नवीन कर्ज घेणाऱ्याचाही वाढतो. इथे बहुतेकांचं कर्ज ३० वर्षांचं आणि व्याजदर पहिल्या दिवशी ठरला तो शेवटच्या हप्त्यापर्यंत तोच. जानेवारी २०२१ मध्ये तो सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. त्या सुमाराला ज्याने त्याने घर घेतलं, नाहीतर जुनं कर्ज बदलून स्वस्त करून घेतलं. मग दर चढत गेला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९ वर पोचला. आता सहाच्या थोडा वर आहे. चार लाख डॉलरचं कर्ज घ्या: तीन टक्क्यांनी महिन्याचा हप्ता १,६८६ डॉलर, सात टक्क्यांनी २,६६१. आणि घर बदललं तर जुना दर बरोबर नेता येत नाही. मग तीनवाला माणूस घर विकेल कशाला? मुलं मोठी झाली, खोल्या कमी पडतात, तरी तो तळघरात एक भिंत घालतो आणि तिथेच राहतो.

म्हणजे घरं नाहीत असं नाही. घरं ढीगभर आहेत, पण दारापर्यंत येत नाहीत. हा मृतसाठा आहे, बाबा, धरणाच्या तळाचं, कालव्यात न चढणारं पाणी! उजनीचं एकूण पाणी ११७ टीएमसी आणि त्यातलं ६३ मृतसाठ्यात, हे तुम्ही पाहुण्यांना इतक्यांदा सांगितलंय की मला झोपेतही येतं. पाहुणे म्हणायचे, "एवढं पाणी दिसतंय की!" आणि तुम्ही म्हणायचात, "दिसतंय, पण कालव्याला मिळत नाही." एडिसनमध्ये गल्लीच्या गल्ली घरं दिसतात, आणि संबंध गल्लीत पाटी एक.

संपूर्ण अमेरिकेत २०२४ मध्ये जुनी घरं विकली गेली ती ४० लाख ६० हजार. १९९५ नंतरचा सगळ्यात कमी आकडा. २०२१ मध्ये हाच आकडा ६१ लाखांवर होता. आणि विक्री एवढी आटूनही भाव उतरले नाहीत. धरण कोरडं पडलं म्हणून टँकर स्वस्त होतो का?

मृतसाठ्यातूनही नाइलाजाने पाणी सोडावं लागतंच. २०२४ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून उजनी वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती, तेव्हा तुम्ही फोनवर केवढे हळहळला होतात. इथला नाइलाज म्हणजे मरण, घटस्फोट, नोकरीची बदली. आणि आमच्या भागात आणखी एक: मन्रो. इथून दक्षिणेला गाव आहे, तिथे पंचावन्नच्या पुढच्यांसाठी वसवलेल्या वसाहती आहेत. जिना नको, गवत कापणं नको, बर्फ उचलणं नको. साठ-सत्तरच्या दशकात इथे घर घेतलेली म्हातारी जोडपी तिकडे जातात, आणि त्यांचं घर बाजारात येतं. त्यांचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, त्यामुळे दराची बेडी त्यांना नाही. माझ्या वहीतल्या बऱ्याचशा पाट्या त्यांच्याच. आमच्यापासून चौथ्या घरातल्या आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी डबा घेऊन गेले होते. परत येताना मनात पहिला विचार आला, की आता यांना जिना जमणार नाही. स्वतःचीच लाज वाटली. आई, तुला म्हणून सांगते.

आता मे महिन्यातली गोष्ट, जी फोनवर मी अर्धीच सांगितली होती. घर होतं स्प्लिट लेव्हल, म्हणजे अर्धा जिना चढला की स्वयंपाकघर आणि अर्धा उतरला की टीव्हीची खोली. रविवारी एक ते चार ओपन हाउस, म्हणजे कुणीही यावं आणि बघून जावं. दारात बुटांचा हा ढीग, लग्नाच्या मांडवाबाहेर असतो तसा. आत तेलुगू, गुजराती, मँडरिन, मराठी, सगळं ऐकू येत होतं. एक आजोबा होकायंत्र घेऊन दिशा बघत होते. आम्ही मागितलेल्यापेक्षा जास्तच लिहून दिलं आणि मंगळवारी होकार आला. नातवाने आपली खोलीही ठरवून टाकली! पण न्यू जर्सीत सही झाल्यावर कामाचे तीन दिवस वकिलांचे असतात. त्या मुदतीत दोन्हीकडचा कुठलाही वकील करार मोडू शकतो. तिसऱ्या दिवशी दुपारी मोडला. कुणीतरी वरचढ रक्कम दिली, शिवाय घराची तपासणीही नको म्हणाले. तपासणी नको! इथे जुन्या घरांच्या अंगणात तेलाच्या टाक्या पुरलेल्या असतात, त्या गळल्या की माती उपसण्याचा खर्च मालकाच्या बोकांडी. ती टाकी आहे का, हे यंत्राने शोधतात. तेवढं बघण्याचीही लोकांना सवड नाही, इतका साठा कमी.

त्यानंतर मी दोन रात्री झोपले नाही, आणि मग वही नीट वाचायला बसले. तेव्हा कळलं की मी चुकीचे आकडे बघत होते.

झालेल्या विक्रीचे आकडे मिळतात ते शिळे. आज खरेदीखत नोंदलं गेलं त्याचा सौदा दीड-दोन महिन्यांपूर्वी झालेला असतो. (खरेदीखत न्यू ब्रन्सविकला काउंटी क्लार्ककडे नोंदतात आणि किंमत कुणालाही बघता येते, आपल्या इंडेक्स टूसारखी. फरक एवढाच की खतावर असते तीच खरी किंमत.) म्हणजे उजनीत आज किती आलं एवढंच बघून भागत नाही, दौंडचा विसर्ग, म्हणजे वरच्या अंगाला नदीतून किती पाणी येतंय ते, बघायला लागतो. इथला दौंड म्हणजे सौदा झाला पण खत व्हायचं आहे अशी घरं. ती संख्या वाढायला लागली की समजावं, पाणी निघालंय. आणि ती थबकली, पाट्या मात्र लागतच राहिल्या, तर साठा वाढणार.

दुसरं म्हणजे जूनची तुलना नोव्हेंबरशी करायची नाही. इथला हंगाम एप्रिल ते जून, कारण सप्टेंबरात शाळा सुरू व्हायच्या आत लोकांना घर बदलायचं असतं. थंडीत बाजार झोपतो. आपला पेपर कसा "गतवर्षी याच तारखेला" म्हणून साठा छापतो, तसं बघायचं.

आणि भावाचा मध्यक, म्हणजे विकलेल्या घरांच्या किमती ओळीने लावल्या की मधोमध येते ती. बातमीत येतं, "अमुक भागात भाव एवढे टक्के चढले." अहो, आमच्या एवढ्याशा भागात महिन्याला विक्री होते ती किती! कुणा बिल्डरने जुनं बैठं घर पाडून तिथे पाच बेडरूमचा राजवाडा उठवला, तशी दोन-तीन एकाच महिन्यात विकली गेली, की आकडा टुणकन वर. लोकांच्या घराची किंमत तेवढी वाढलेली नसते. एका ढगफुटीवरून पावसाळा ठरवण्यातला प्रकार. शाळेच्या हद्दीनेही भाव बदलतो, जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलकडची बाजू वेगळी, पलीकडची वेगळी. दोन्ही एकत्र करून काढलेला आकडा कुणाच्याच कामाचा नाही.

लबाड्याही कळल्या. मुद्दाम किंमत कमी लावतात, म्हणजे गर्दी जमते, आणि मग "मागितल्यापेक्षा जास्तीला गेलं" म्हणून मिरवायचं. घर बरेच दिवस पडून राहिलं की यादीतून काढतात आणि थोड्या दिवसांनी नवीन म्हणून परत घालतात. माझ्या वहीत मात्र त्याची पहिली तारीख असते. ऑक्टोबरात असंच एक "नवीन" घर बघायला गेले. तळघरात ओल खेचणारं यंत्र घरघरत होतं, भिंतींना ताजा पांढरा रंग. कोपऱ्यात फ्रीज होता, त्याच्या मागे वाकून बघितलं. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत लोणा! सरळ रेषेत. पूररेषा ओळखायला तुम्हीच शिकवलंत, पंढरपूरच्या घाटावर. आता इथे कायदाच आहे, मार्च २०२४ पासून विकणाऱ्याने पुराची माहिती लिहून द्यायची. तो कागद मागितला तर एजंटबाई म्हणाल्या, "पाठवते." अजून पाठवताहेत.

तर आता मुद्द्याचं. या नोव्हेंबरात मी टिपलेल्या पाट्या गेल्या नोव्हेंबरपेक्षा जास्त आहेत. फार नाही, दोन-चार. पण काही पाट्या महिनाभर हललेल्या नाहीत आणि दोन घरांनी किंमत उतरवली, जे गेल्या वर्षी वहीत एकदाही लिहिलेलं नाही. आठ-दहा गल्ल्यांवरून मी अंदाज वर्तवणार नाही, तुम्ही रागवाल. पण घाईने उडी मारायची ही वेळ नाही एवढं दिसतंय.

दुसरं कारण पैशाचं. घरपट्टी इथे अशी आहे की न्यू जर्सीची सरासरीच २०२४ मध्ये वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेली. कर्ज फिटलं तरी ती कायम. प्लॉटच्या पैशाने सुरुवातीची रक्कम वाढेल, हप्ता थोडा उतरेल, पण तेवढ्यासाठी तुम्ही सव्वीस वर्षं सांभाळलेली जागा, जिच्या कुंपणाचे खांब तुम्ही स्वतः उभे केले, ती घालवायची? शिवाय पैसे इकडे पाठवताना वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, आधी कापून घेईल, मग परतावा मागत बसा. गिऱ्हाइकाला सांगा, मुलगी नाही म्हणाली. वाईटपणा माझ्यावर ढकला.

मार्चपर्यंत थांबतो. भाडेकराराची मुदत जूनपर्यंत आहे. तोवर वही चालूच.

सीनेच्या पुरात मावशीच्या वस्तीवर नुकसान झालं त्याचं पुढे काय झालं? पंचनामा झाला म्हणालात, पैसे आले का? आणि तुमच्या पर्जन्यमापकाचा यंदाचा एकूण आकडा कळवा. फोनवर नको, लिहून. महिनावार.

ती. बाबांना आणि आईला नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. आई, शेंगा चटणी संपली. दादाची मेहुणी डिसेंबरात येतेय, तिच्याबरोबर दे. कडक भाकरी नको, मागच्या वेळी पेटीत सगळा चुरा झाला होता. तरी खाल्ला.