उत्तरपत्रिकेत निकालपत्र उतरू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विधी शाखेच्या सत्र परीक्षा तोंडावर आल्या की आमच्या भागातल्या पुस्तकांच्या दुकानांत गाईड आणि ‘अपेक्षित प्रश्नसंच’ यांचे गठ्ठे लागतात. मी अंबाजोगाईला दिवाणी बाजूची वकिली करते. काही वर्षे घड्याळी तासिकेवर कायदा शिकवलाही आहे. संध्याकाळी पक्षकार गेले की आजही काही विद्यार्थी माझ्या ऑफिसात येऊन बसतात. त्यात पोलीस शिपाई आहेत, झेडपीचे शिक्षक आहेत, केज-धारूरहून एसटीने येणाऱ्या मुली आहेत. कष्टात कोणी कमी नाही. कलमे धडाधडा म्हणून दाखवतात. तरी पास होण्यापुरत्या मार्कांच्या पुढे बहुतेकांची गाडी सरकत नाही, आणि ‘पेपर तपासणारे नीट तपासत नाहीत’ एवढाच निष्कर्ष काढून पोरे पुढच्या सत्राला लागतात. या मुलांचे नेमके कुठे अडते, ते सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

अडते ते पाठांतरात नाही. अडते ते कायदा समोरच्या घटनेला लावून दाखवण्यात. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नाही, पाठ केलेल्या प्रश्नाचे येते.

करार कायद्याचा एक प्रश्न मी सरावाला नेहमी देते. रामराव नावाच्या शेतकऱ्याने जुलैत लातूरच्या एका तेल गिरणीशी लेखी करार केला की, ‘माझ्या गट नंबर ११२ मधील’ ५० क्विंटल सोयाबीन दिवाळीआधी ठरल्या भावाने देईन. १ लाख रुपये उचल घेतली. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत त्या गटातले पीक गेले. गिरणीने मोंढ्यातून चढ्या भावाने माल उचलला. आता ती भावातला फरकही मागते आणि उचलही परत मागते. रामरावांचे काय देणे लागते?

यावर येणारी बहुतेक उत्तरे एकाच साच्याची असतात. पहिले पान कराराच्या व्याख्येचे. मग कलम १० मधले वैध कराराचे घटक, सगळेच्या सगळे, जरी रामरावांच्या वयाविषयी किंवा संमतीविषयी कोणाचीच तक्रार नसली तरी. मग कलम ५६ (काम अशक्य झाले की करार रद्दबातल) जसेच्या तसे. मग सत्यव्रत घोष विरुद्ध मगनीराम बांगूर हा १९५४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा. आणि शेवटी दोन ओळी: ‘म्हणून वरील करार रद्दबातल होतो.’ उचलीचे काय, याचा उल्लेखच नाही.

त्या निवाड्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. युद्धकाळात सरकारने कलकत्त्याजवळची जमीन तात्पुरती ताब्यात घेतली, त्यामुळे भूखंडांचा करार संपला का, असा वाद होता. न्यायालयाने तत्त्व सांगितले की, ‘अशक्य’ याचा अर्थ अक्षरशः अशक्य असा घ्यायचा नाही. कराराचा पायाच उखडला गेला असेल तरी पुरे. पण त्या प्रकरणात निकाल मात्र असा लागला की पाया उखडलेला नाही, करार संपलेला नाही. हे गाईडात एका ओळीत दडलेले असते. म्हणून करार संपल्याचा पुरावा म्हणून मुले अगदी बिनधास्त हाच खटला देतात. तपासणाऱ्याला तिथेच कळते की निवाड्याचे फक्त नाव वाचले आहे.

खरे तर मुलांना उत्तराचा नमुना शोधायला लांब जायची गरज नाही. तो प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात रोज तयार होतो. दिवाणी दाव्याचे कुठलेही निकालपत्र उघडा. आधी दोन्ही बाजूंचे म्हणणे थोडक्यात. मग एक तक्ता: डावीकडे मुद्दे, उजवीकडे निष्कर्ष. त्याखाली मुद्दावार कारणे. शेवटी आदेश. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १४ मध्ये मुद्दे कसे काढायचे ते सांगितले आहे: एक बाजू ठामपणे सांगते आणि दुसरी नाकारते, अशा प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीचा वेगळा मुद्दा. आदेश २० सांगतो की प्रत्येक मुद्द्यावर निष्कर्ष कारणांसह द्या. परदेशातल्या लॉ स्कूलमध्ये जी ‘आयरॅक’ पद्धत शिकवतात, म्हणजे मुद्दा, नियम, नियम घटनेला लावणे आणि निष्कर्ष, ती याहून फार वेगळी नाही.

आता रामरावांचे प्रकरण तसे मांडू. मुद्दे तीन निघतात. कलम ५६ च्या दुसऱ्या परिच्छेदानुसार करार रद्दबातल झाला का? होय. भावातला फरक कलम ७३ (करारभंगाची नुकसानभरपाई) खाली देणे लागतो का? नाही. उचल परत करावी लागेल का? होय, कलम ६५.

मार्क आहेत ते कारणांत, आणि पहिल्या मुद्द्याची सगळी कारणे ‘माझ्या गट नंबर ११२ मधील’ या शब्दांवर उभी आहेत. ठराविक जमिनीतले पीक द्यायचे ठरले आणि त्या जमिनीतले पीक शेतकऱ्याचा दोष नसताना गेले, तर द्यायची वस्तूच उरत नाही. इंग्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला तेव्हा नेमका असाच वाद झाला होता, हॉवेल विरुद्ध कूपलँड, १८७६. शेतकऱ्याने उगवले तेवढे बटाटे दिले आणि उरलेल्यांसाठी न्यायालयाने त्याला जबाबदार धरले नाही. पण करारात नुसते ‘५० क्विंटल सोयाबीन’ एवढेच असते तर? मग रामरावांनी मोंढ्यातून घेऊन द्यायला हवे होते. भाव चढला, तोटा होतो, एवढ्यावर करार संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अलोपी प्रसाद प्रकरणात १९६० साली स्पष्ट केले आहे. तेव्हा पहिल्या मुद्द्याचे उत्तर ‘नाही’ होते आणि त्याबरोबर दुसऱ्याचेही उलटते. ही उलटी बाजू ज्याने दोन ओळींत लिहिली, त्याला कायदा कळला आहे हे सांगावे लागत नाही. त्यापुढे जाऊन ‘पीक त्याच गटातले होते आणि अतिवृष्टीनेच गेले, हे रामरावांनी सात-बाऱ्यावरच्या पीकपेऱ्याने आणि पंचनाम्याने शाबीत करायचे’ असेही एखादी मुलगी लिहून जाते. अशा उत्तराला हात आखडता घेणारा परीक्षक मी तरी पाहिलेला नाही.

आणि उचल. करार रद्दबातल झाला की त्याखाली मिळालेला लाभ परत करायचा, हे कलम ६५. त्याच कलमाखाली आजारी पडलेल्या गायकाचे उदाहरण आहे: कार्यक्रम बुडाल्याची नुकसानभरपाई त्याने द्यायची नाही, पण आगाऊ घेतलेले १,००० रुपये परत करायचे. रामरावांच्या जागी गायक ठेवला की झाले. कलमांखालची उदाहरणे हा कायद्याचाच भाग आहे. गाईडात जागा वाचवायला ती गाळलेली असतात आणि मुलांनी त्यांचे तोंडही पाहिलेले नसते. विद्यार्थी मित्रांनो, बेअर ॲक्टमधली (कायद्याच्या मूळ मजकुरातली) उदाहरणे वाचाच. परीक्षेतले निम्मे प्रश्न त्यांच्याच भावकीतले असतात.

आता टाचणाविषयी. एका विषयाचा आराखडा स्वतःच्या हाताने काढणे याला पर्याय नाही. सीनियरची वही झेरॉक्स करून ते साधत नाही, कारण उपयोग वहीचा नसतो, ती लिहिताना आपण काय ठेवले आणि काय सोडले या विचाराचा असतो. सुरुवात कायद्याच्या अनुक्रमणिकेपासून करावी. करार कायदा १८७२ चा. प्रस्ताव कुठे, संमती कुठे, बेकायदा उद्देश कुठे, पूर्तता कुठे, भंग कुठे, हे आधी एका पानावर उतरवावे. तसे केले की कलम ७५ नंतर थेट १२४ का येते हा प्रश्न आपोआप पडतो. मधली कलमे १९३० च्या माल विक्री कायद्यात गेली हे तेव्हा कळते, आणि एकदा असे कळलेले विसरत नाही. मग एकेका विषयाला एक पान. कलमाचे घटक पायरी-पायरीने, अपवाद, परंतुक, एक किंवा दोन निवाडे. निवाड्यापुढे तीनच गोष्टी: काय घडले, काय ठरले, का ठरले. पानाच्या उजवीकडे मी एक रकाना सोडायला लावते, त्याचे नाव ‘काय बदलले तर?’ वय बदलले तर, तारीख बदलली तर, ‘माझ्या गटातील’ हे शब्द काढले तर. हा रकाना भरता येत नसेल तर तो विषय झालेला नाही, कितीही वेळा वाचलेला असो. हे काम आठवड्याच्या आठवड्याला व्हावे. परीक्षेच्या आदल्या रात्री त्या पानांचे आणखी आक्रसून एक पान करावे, नवीन काही वाचू नये.

फौजदारी विषयांत सध्या आणखी एक अडचण आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ५११ कलमांच्या जागी ३५८ आली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले, ४२० आता ३१८ मध्ये आहे. बॅकलॉग असलेले विद्यार्थी जुनी पुस्तके घेऊन बसलेले दिसतात. टाचणात दोन्ही क्रमांक शेजारी-शेजारी लिहावेत, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो आणि ते खटले आमच्या बोर्डावर अजून कितीतरी वर्षे राहणार आहेत. प्रश्नातल्या घटनेची तारीख आधी बघायची सवय त्यातून लागेल.

मला सर्वात जास्त लागते ते जमीनविषयक कायद्यांच्या पेपरचे. ‘कुळाला मालकी कशी मिळते?’ या प्रश्नाला आमची मुले १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन लिहितात, कलम ३२ लिहितात. ती तरतूद १९४८ च्या मुंबई कुळकायद्याची. तो कायदा झाला तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. इथे १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागतो, आणि मालकीचा प्रश्न निघाला की आमच्याकडे चर्चा होते ती त्यातल्या कलम ३८-ई ची. विदर्भाचा कायदा आणखी तिसरा, १९५८ चा. ज्या मुलाच्या आजोबांचे नाव कूळ म्हणून खासरा पहाणी पत्रकात (जमिनीच्या जुन्या नोंदीत) लागले, त्याच मुलाने परीक्षेत पश्चिम महाराष्ट्राचा कायदा लिहावा, आणि उद्या वकील होऊन तसाच अर्ज तहसीलला द्यावा, हे मला सहन होत नाही. गाईड लिहिणाऱ्याला मराठवाडा आठवत नसेल, पण शिकवणाऱ्यांना तरी आठवला पाहिजे. कोणता कायदा कुठे आणि कधीपासून लागू, ही ओळ प्रत्येक टाचणाच्या डोक्यावर हवी.

प्रत्यक्ष पेपरात वेळेचे गणित सोपे आहे. तीन तासांत १०० गुणांचा पेपर असेल तर एका गुणाला पावणेदोन मिनिटे. दहा गुणांच्या प्रश्नाला सतरा-अठरा मिनिटे मिळतात. त्यातली पहिली चार प्रश्न वाचण्यात आणि मुद्दे काढण्यात गेली तरी चालतील. वय, तारीख, रक्कम, अवतरणातले शब्द यांच्याखाली रेघ ओढावी. प्रश्न काढणारा उगाच आकडे घालत नाही. प्रश्न पुन्हा उतरवून काढू नये. खटल्याचे साल आठवत नसेल तर ते बनवू नये, तत्त्व लिहावे. इंग्रजीची भीती वाटत असेल आणि विद्यापीठाने मुभा दिली असेल तर खुशाल मराठीत लिहावे. खालच्या न्यायालयांत कामकाज मराठीत चालते, मराठीत निकालपत्रे लिहिली जातात. मोडक्या इंग्रजीतल्या तीन पानांपेक्षा नेटक्या मराठीतले दीड पान केव्हाही सरस.

महाविद्यालयांकडे माझी मागणी मोठी नाही. अंतर्गत चाचणीत एक तरी प्रश्न घटनेवर आधारित असावा, आणि तपासलेली उत्तरपत्रिका शेरे लिहून विद्यार्थ्याच्या हातात परत पडावी. नुसता आकडा कळून कोणी सुधारत नाही. सत्रातून एकदा प्रत्येकाने आपल्या तालुक्याच्या न्यायालयाचे एक निकालपत्र ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे, त्यातला मुद्द्यांचा तक्ता झाकावा, दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचून स्वतः मुद्दे काढावेत आणि मग न्यायाधीशांच्या मुद्द्यांशी ताडून पाहावेत. याला पैसा लागत नाही. बेअर ॲक्ट ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत, सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निवाड्यांचे मराठी अनुवादही आता उपलब्ध आहेत. पुढे वकिलीसाठी अखिल भारतीय बार परीक्षा द्यायची आहे. तिथे टिपा नसलेला बेअर ॲक्ट सोबत नेता येतो, पण ज्याला कायद्याची मांडणीच ठाऊक नाही तो पाने उलटण्यातच वेळ घालवतो.

आमच्या बार रूममधली ज्येष्ठ मंडळी एखाद्या शनिवारी दुपारी अशा निकालपत्रांवर मुलांबरोबर बसायला तयार आहेत. इतर तालुक्यांच्या वकील संघांनीही आपापल्या जवळच्या विधी महाविद्यालयाशी बोलून हे परीक्षेआधी सुरू करावे, ही विनंती.

आपली,
एक वकील, अंबाजोगाई (जि. बीड)