जळकं तेल द्यायचं कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात वळवाची सर येऊन गेली. आमच्या जुळे सोलापूरच्या कोपऱ्यावर एक गॅरेज आहे. त्याच्यासमोरून गटारीपर्यंत इंजिनच्या जळक्या तेलाचे रंगीत पट्टे वाहत चालले होते आणि तीन-चार पोरं त्यात चपला बुडवून खेळत होती. ते बघितलं आणि २७-२८ वर्षांपूर्वी मी स्वतः केलेली एक चूक आठवली. म्हणून हे पत्र.

१९९८ साली मी फंडातून कर्ज काढून जुनी मारुती ८०० घेतली. पांढरी, १९८९ची. अक्कलकोट रस्त्याच्या आत एका गावात माझी शाळा होती आणि एसटीची वेळ काही केल्या जमत नव्हती. माझे वडील, म्हणजे अण्णा, गिरणीत साचेखात्यात (मागांच्या विभागात) जॉबर, म्हणजे मुकादम, होते. गाडी दारात आल्या आल्या त्यांनी इंजिनातलं तेल बघायची पट्टी ओढली, तेल अंगठ्यानं बोटावर चोळलं आणि म्हणाले, "कचकच लागतीय गं. आजच बदलू."

सात रस्त्याजवळच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात आम्ही गेलो. मी तेल गाळायचा फिल्टर मागितला तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, साहेबांना पाठवा की ओ, त्यांना कळतंय." मी सांगितलं, गाडी माझी आहे, पैसेही मीच देणार आहे. मग त्यानं दोन डबे काउंटरवर ठेवले, एक ३५ रुपयांचा आणि एक ६५चा. वरून दोन्ही सारखेच. अण्णांनी ते एकेका हातात तोलले आणि उजेडाकडे धरून भोकांतून आत बघितलं. ६५च्या डब्यात कडेच्या भोकांमागे रबराची पातळ चकती होती. दुसऱ्यात ती नव्हती. गाडी बंद असताना फिल्टरमधलं तेल खाली ओघळू नये म्हणून ती चकती असते. ती नसेल तर सकाळी इंजिन सुरू केल्यावर तेल वर पोचेपर्यंत आतले भाग कोरडेच घासतात. महिनाअखेर होती, तरी आम्ही ६५चाच घेतला.

अंगणात गाडीखाली घमेलं सरकवून अण्णांनी इंजिन गरम असतानाच नट सोडला. तेल डांबरासारखं काळं होतं. नव्या फिल्टरच्या तोंडावरच्या गोल रबराला त्यांनी माझ्याच बोटानं ताजं तेल लावायला लावलं. रबर टेकल्यावर हातानं पाऊण फेरा द्यायचा, पान्यानं आवळायचं नाही, हे मी त्या दिवशी शिकले. जुन्याचं रबर इंजिनला चिकटून तर राहिलं नाही ना, हेही त्यांनी बोट फिरवून बघितलं. पुढे एका गॅरेजात नेमकं तेवढंच बघायचं राहिलं, रबरावर रबर बसलं, तिथून तेल गळालं आणि मोहोळच्या अलीकडे तेलाचा लाल दिवा लागला. मी तिथल्या तिथे गाडी बंद केली म्हणून इंजिन वाचलं.

मग अण्णांनी जुना फिल्टर हॅक्सॉनं कापला. आत कागदाच्या निऱ्या होत्या, नऊवारीच्या निऱ्यांसारख्या दाट, आणि त्यांच्या घड्यांत चांदीच्या भुकटीसारखे लोखंडाचे कण चमकत होते. तेल कडेच्या भोकांतून आत शिरतं, ह्या कागदातून गाळून निघतं आणि मधल्या भोकातून इंजिनात परत जातं. कागद अगदीच तुंबला तर एक झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं, कारण इंजिन कोरडं चालण्यापेक्षा घाण तेल परवडलं. त्या निऱ्या मी दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन सातवीच्या मुलांना दाखवल्या.

इथवर सगळं नीट झालं. पण घमेल्यातल्या तेलाचं काय करायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांनी चौकटीच्या वाळवीसाठी एक डबा नेला. उरलेलं मी कंपाउंडच्या भिंतीशी ओतून टाकलं. आमची बोअर तिथून १५ फुटांवर होती. नळाला पाणी रोज येत नसे, त्यामुळे बोअरचंच पाणी आम्ही प्यायचो. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं घातलेलं असे (ते देशभर बंद झालं २००० साली) आणि ते शिसं झिजलेल्या धातूबरोबर इंजिनच्या तेलात उतरत असे. भिंतीशी पुढचे दोन पावसाळे गवत उगवलं नाही. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

वापरलेलं तेल हा धोकादायक कचरा आहे, असं २०१६चे केंद्राचे नियम सांगतात. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं तेल परत गोळा होऊन त्याचा पुनर्वापर होईल, ही जबाबदारी तेल बनवणाऱ्यांवरही टाकली आहे. "तेल मळतं गं, मरत नाही," असं अण्णा म्हणायचे, आणि खरोखरच ते शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. आपल्या औद्योगिक वसाहतीत बनलेले कॅमशाफ्ट (इंजिनच्या झडपा उघडणारे दांडे) परदेशातल्या गाड्यांत बसतात. त्याच शहरात मी या महिन्यात पाच दुकानांत जाऊन विचारलं, जुनं तेल घेता का? तिघांनी नाही म्हटलं, एकानं गटार दाखवली आणि एक म्हणाला, रिक्षावाले आणि दुचाकींचे गॅरेजवाले सगळे असंच करतात.

महापालिकेला माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक झोन कार्यालयात झाकणाचा एक ड्रम ठेवा आणि तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जाईल एवढं बघा. जुन्या फिल्टरसाठी शेजारी जाळीचा एक ट्रे ठेवा. रात्रभर पालथा ठेवला की त्यातलंही बरंच तेल निथळतं आणि पत्रा भंगारात जातो. तेल विकणाऱ्या दुकानांनीही रिकाम्या कॅनमधून ते परत घ्यावं.

आताच्या गाडीचं तेल मी परवाच बदलून घेतलं आणि जुनं मागून घरी आणलं. तीन लिटरचा तो कॅन न्हाणीघराच्या मागे झाकण लावून ठेवला आहे. तो कुठे आणून द्यायचा, हे संबंधित अधिकाऱ्यांनी आपल्या वृत्तपत्रातून कळवावं. मी स्वतः नेऊन देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
जुळे सोलापूर