वाचक आजींना, सहावीच्या सरांकडून

प्रिय वाचक आजी,

मुलांनी ठेवलेलं हे नाव आता शाळेत सगळेच वापरतात, म्हणून मीही तेच वापरतो. फोनवर आभार मानायला गेलो की ‘अहो, मला तरी दुसरं काय काम होतं’ म्हणत तुम्ही विषय बदलता. पत्रात तसं करता येणार नाही. शिवाय हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. सुट्टीत मुलं वर्गाच्या ब्लॉगवर लिहीत होती आणि तुम्ही ते वाचून त्यांना उत्तरं देत होतात. त्या ब्लॉगबद्दल ऐकलेले शिक्षक आणि पालक मला हटकून एकच प्रश्न विचारतात: ॲप कोणतं वापरलंत? त्यांना खरं तर तुमच्याबद्दल विचारायला हवं.

लांब सुट्टीनंतर मुलांचा लिहिता हात जड झालेला असतो, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. पान भरायला दुप्पट वेळ लागतो आणि वर्षभर घोटून घेतलेले ऱ्हस्व-दीर्घ कुठे गेले ते कळत नाही. अमेरिकन संशोधक हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या विषयावरच्या ३९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभराच्या शिकण्याइतकी मागे गेलेली त्यांना दिसली, आणि घसरण सर्वांत जास्त होती ती आकडेमोडीत आणि शुद्धलेखनात. वाचनात मात्र घराघरांत फरक होता: गरीब घरांतली मुलं मागे पडत होती, सुस्थितीतली तिथल्या तिथे राहत किंवा थोडी पुढेही जात. पुढे पॉल फॉन हिपेल यांच्यासारख्या संशोधकांनी या घसरणीच्या मोजमापावरच शंका घेतली. चाचणी आणि तिची मोजपट्टी बदलली की उत्तर बदलतं, असा त्यांचा आक्षेप आहे. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. मला त्यातला शुद्धलेखनाचा भाग तेवढा लगेच पटला. सुट्टीत मुलं बोलतात, ऐकतात, पडद्यावर काहीबाही वाचतातही, पण सलग चार वाक्यं लिहायची वेळ त्यांच्यावर येत नाही, कारण ती वाचणारं कोणी नसतं.

यावर शाळांकडे असलेला जुना उपाय म्हणजे सुट्टीचा गृहपाठ. तो शेवटच्या दोन रात्रींत कसा उरकला जातो हे तुम्हालाही ठाऊक आहे, आपण सगळ्यांनीच तो तसा उरकलेला आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या मनायाकलानी शाळासमूहात मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत आपापल्या ब्लॉगवर लिहितात आणि मोठी माणसं नेमाने त्यांना प्रतिक्रिया देतात. त्या उपक्रमाबद्दल वाचलं तेव्हा यातला दुसरा भाग मला महत्त्वाचा वाटला. ब्लॉग कोणीही उघडून देईल. नेमाने वाचणारं माणूस कुठून आणायचं?

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे ॲप विचारणाऱ्यांचंही समाधान होईल. मुलं तेरा वर्षांच्या आतली, त्यामुळे कोणाचंही स्वतंत्र खातं नव्हतं. वर्गाचं मिळून एक खातं होतं आणि त्याचा पासवर्ड माझ्याकडे होता. पालकांची लेखी संमती घेतली होती. टोपणनावं मुलांनी स्वतः निवडली. चेहऱ्याचे फोटो टाकायचे नाहीत, घराचा पत्ता किंवा कधी कुठे जाणार आहोत हे लिहायचं नाही, एवढे नियम. प्रत्येक नोंद आणि प्रत्येक प्रतिक्रिया मी वाचल्यावरच दिसायची. ज्यांच्या घरातला एकुलता फोन दिवसभर कामावर जातो, त्या मुलांनी वहीत लिहायचं आणि रात्री पानाचा फोटो पाठवायचा. बोलून टाइप करायची सोय वापरू नका असं सांगितलं होतं. ती काही मुलांसाठी वरदान असते हे मान्य, पण ज्याने अक्षरांशी झटापट करावी अशी आपली इच्छा आहे, त्याची सुटका करून ती सोय आपल्याला काय देणार?

आता तुमच्याकडे येतो. तुम्ही आयुष्यभर मुद्रितशोधनाचं काम केलंय असं आमच्या एका बाईंनी सांगितलं, तेव्हा मी जरा धास्तावलो होतो. मुलांनी धीर करून लिहिलेल्या पाच ओळींवर तांबड्या शाईच्या खुणा उमटल्या असत्या, तर सहावी ओळ आलीच नसती. पण तुम्ही दुरुस्ती केलीच नाहीत. ‘छान’, ‘असंच लिहीत राहा’ असंही कधी लिहिलं नाहीत, आणि याबद्दल तर मी विशेष ऋणी आहे. मुलांना ‘छान’चा अर्थ बरोबर कळतो. ‘मी वरवर नजर टाकली’ असा तो असतो.

एका मुलाची पहिली नोंद होती, ‘आज काहीच झालं नाही.’ हे चार शब्द म्हणजे त्याचा निषेध होता, मी ओळखतो त्याला. तुम्ही उत्तर दिलंत, ‘ज्या दिवशी काहीच झालं नाही असा दिवस मला अजून पाहायचा आहे. सकाळी डोळे उघडण्याआधी पहिला आवाज कसला आला?’ दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर ओढल्या जाणाऱ्या खुर्चीबद्दल अर्धं पान आलं. ती खुर्ची रोज त्याच वेळी कोण आणि का ओढतं, याचा तपास पुढे कितीतरी नोंदी चालला.

तुमची एक युक्ती माझ्या उशिरा लक्षात आली. ‘पाउस’ लिहिणाऱ्या मुलीला तुम्ही चूक दाखवली नाहीत. ‘तो पाऊस किती वेळ पडत होता?’ एवढंच विचारलंत. पुढच्या नोंदीत तिने ‘पाऊस’ लिहिला. कोणी सांगितलं असं विचारलं तर म्हणाली, ‘आजींनी तसं लिहिलं होतं ना.’ चुकलेला शब्द बरोबर लिहून आपल्या उत्तरात सहज आणायचा ही पद्धत भाषाशिक्षणात जुनीच आहे. ती न दमता इतक्या मुलांसाठी वापरणारं माणूस मात्र मी पहिल्यांदाच पाहिलं. दर वेळी ती लागू पडली असं नाही. ‘आणी’ आमच्या वर्गातून अजूनही हलायला तयार नाही.

सायकलच्या चेनचं प्रकरण मात्र सगळ्यांवर कडी करणारं. एका मुलाने उतरलेली चेन कशी बसवायची ते लिहिलं: चार ओळी आणि आत्मविश्वास दांडगा. तुम्ही कळवलंत, ‘शेजारच्या मुलाची सायकल आणून तुझी नोंद वाचत बसले आहे. चेन दात्यांवर चढव आणि पेडल फिरव, असं तू म्हणतोस. आधी मागच्या दात्यांवर चढवू की पुढच्या? पूर्ण चढवू की थोडी? आणि पेडल फिरवताना माझी बोटं कुठे असायला हवीत?’ त्याने नोंद पुन्हा लिहिली. तुम्ही आणखी एक शंका काढलीत, त्याने तिसऱ्यांदा लिहिली. शेवटच्या खर्ड्यात सगळा क्रम आला: सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर टेकवायची, चेन आधी मागच्या चाकाच्या दात्यांवर नीट बसवायची, मग पुढच्या मोठ्या चक्राच्या थोड्या दात्यांवर अडकवायची, आणि बोटं काढून घेतल्यावरच पेडल हळूहळू फिरवायचं. ‘बोटं काढून घेतल्यावरच’ हे शब्द ठळक.

हा लेखनप्रकार मी वर्गात शिकवतो. क्रम पाळा, पायरी गाळू नका, असं दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि मुलं ते वहीत उतरवून घेतात. पायरी गाळली की काय होतं, हे या मुलाला एका वाचकाची बोटं चेनमध्ये सापडायची वेळ आली तेव्हा कळलं. आणि तीनदा लिहायला लागलं म्हणून त्याने कुरकूर केली नाही. वर्गात ‘पुन्हा लिही’ म्हटलं की ती शिक्षा होते.

भुताची गोष्ट भागाभागांनी लिहिणारी मुलगी तुम्हाला आठवत असेलच. दुसऱ्या भागात नदीवर गेलेली मावशी तिसऱ्या भागात घरात कशी, असं तुम्ही विचारलंत. ‘ती परत आली, पण मी ते लिहिलं नाही,’ असं तिचं उत्तर. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘मग मला कसं कळणार?’ हे वाक्य आता आमच्या वर्गात मुलं एकमेकांना सुनावतात, कधी कधी मलाही.

वाचनाचंही यातच झालं, त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. वर्गात मोठ्याने वाचताना अडखळणारी मुलं तुमचं उत्तर घरी सगळ्यांना वाचून दाखवत होती. मग एकमेकांच्या नोंदी वाचू लागली, कारण आजींनी कोणाला किती मोठं उत्तर दिलंय हे मोजायचं होतं. यात चुरस होती, थोडा मत्सरही होता, आणि मला त्याचं काही वावगं वाटलं नाही. रिचर्ड ॲलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली एका अभ्यासात दाखवलं होतं, की गरीब घरांतल्या मुलांना सलग तीन उन्हाळे, दर उन्हाळ्यात १२, अशी त्यांनी स्वतः निवडलेली पुस्तकं दिली तर त्यांचं वाचन सुधारतं. मला त्यात ‘स्वतः निवडलेली’ याचं मोल वाटतं. आपल्या ब्लॉगवरही विषय मुलांचेच होते. मी सुचवलेल्या विषयांच्या यादीकडे जवळपास कोणी फिरकलं नाही.

सगळी मुलं लिहिती झाली असं मी म्हणणार नाही. काही जणांनी अखेरपर्यंत एकही नोंद पाठवली नाही. काहींनी दोन ओळी लिहून सोडून दिलं. त्यांच्याकडे पोचायला दुसरी वाट शोधावी लागेल. पण शाळा उघडल्यावर मी पहिला निबंध दिला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, हा वाचणार कोण आहे?’ मी तपासणार आहे, असं सांगितलं. ‘तपासणार नाही हो, वाचणार कोण?’ त्या दिवसापासून निबंध माझ्या टेबलावर येण्याआधी वर्गातल्या दुसऱ्या एकाकडे जातो. त्याने खाली एक प्रश्न लिहायचा. हो किंवा नाही एवढं उत्तर पुरेल असा प्रश्न चालत नाही.

पुढच्या सुट्टीत धाकट्या वर्गाचा ब्लॉग सुरू होईल. त्यांच्या नोंदींना उत्तरं द्यायला आमच्यातल्या काही मुलांनी नावं दिली आहेत, त्यांत चेनवाला मुलगा आणि भूतकथावाली दोघंही आहेत. तुमच्या एकटीवर सगळा भार पडू नये असा त्यांचा हेतू. मात्र सुरुवातीची उत्तरं तुम्हाला दाखवूनच पाठवायची, असं त्यांनी ठरवून टाकलंय. तुम्हाला जमेल का आणि आठवड्यातले कोणते दिवस सोयीचे, ते कळवा. जमणार नसेल तर तेही निःसंकोच सांगा, मी मुलांना समजावीन.

आपला,
सहावीच्या वर्गाचा शिक्षक

ता. क. वरच्या मजल्यावरच्या खुर्चीचा उलगडा झाला आहे. तो त्या मुलाला स्वतःच तुम्हाला लिहायचा आहे, म्हणून त्याने मला सांगायची बंदी केली आहे.